चार महिन्यांचं लेकरू, मोर्शी ते समुद्र: मन शांत व्हावं म्हणून जायचंय, कसं जमवावं?

संत्रा_बाग:

आमचं गाव मोर्शी तालुक्यात. मुलगी चार महिन्यांची, सिझेरियन झालं होतं, टाके व्यवस्थित भरलेत. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर आहे. आंबिया बहाराची संत्री उतरली की जानेवारीत घरचे जरा मोकळे होतात. तेव्हा चार दिवस समुद्रावर जाऊन राहायचं मनात आहे. देवदर्शन नाही, ठिकाणं बघणं नाही, फक्त डोकं शांत व्हावं. घरात दिवसभर माणसं, पाहुणे, टीव्ही. संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. मुलगी झोपली तरी मला झोप लागत नाही.

सोबत नवरा आणि नणंद येतील. सासूबाईंचं म्हणणं, खाऱ्या हवेनं बाळंतिणीचं दूध आटतं आणि लेकराला वारं लागतं.

तर जवळचा आणि निवांत किनारा कोणता? रेल्वेनं जावं की समृद्धीवरून गाडीनं? लेकराला पाण्याजवळ किती वेळ न्यावं? भरती-ओहोटीतलं आम्हा वऱ्हाडातल्यांना काही कळत नाही, ते कसं बघतात? आणि जाऊन खरंच फरक पडतो का?

आरोग्य_वऱ्हाड:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं. साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. चार महिन्यांनी जे चाललंय ते त्यात बसत नाही. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती झोपेची गोष्ट. लेकरू उठवतं म्हणून झोप मोडणं वेगळं आणि लेकरू शांत झोपलेलं असताना आपला डोळा न लागणं वेगळं. दुसरा प्रकार असेल तर प्रसूतीनंतरचं नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे का ते बघून घ्यावं लागतं. बाळंतपणानंतर वर्षभरात तो केव्हाही डोकं वर काढू शकतो. यात तुमचा दोष नाही, आणि यावर उपचार आहेत. म्हणून जानेवारीची वाट बघू नका, याच आठवड्यात दवाखान्यात जा.

तिथे दोन रक्ततपासण्या मागून घ्या: हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत काही जणींची थायरॉइड ग्रंथी बिघडते. सुरुवातीला धडधड, घाम, झोप न येणं आणि पुढे सुस्ती, जडपणा असा त्याचा क्रम असतो. ही धडधड मनाची समजून सोडून दिली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, म्हणजे तुमच्या अजून चालू असायला हव्यात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तास-दीड तास चहाही नको.

एडिनबर्ग प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 30. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं, तेरा किंवा जास्त आले तर टाळाटाळ अजिबात नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मदत घ्यायची. घरून बोलायचं तर टेली-मानस, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. औषध लागलंच तर अंगावर पाजताना देता येतील अशी औषधं आहेत. औषध सुरू झालं म्हणजे दूध तोडायचं, असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

आणि हे घरच्यांना वाचून दाखवा: बाळंतीण दोन-दोन रात्री झोपली नाही तरी थकत नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, लेकरू बदललंय किंवा कुणी त्याच्या जिवावर उठलंय असं म्हणत असेल, तर तिला थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तोवर तिला आणि लेकराला एकटं सोडायचं नाही. अशा वेळी प्रवास नको.

यातलं काही नसेल किंवा डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं, तर समुद्राचा उपयोग होतो. मोकळं चालणं, लांबवर पोचणारी नजर, लाटांचा एकसारखा आवाज यांनी ताण सैल होतो. पण एक अट आहे. लेकरू कडेवर, दुपट्याची पिशवी खांद्यावर, कान तिच्या रडण्याकडे, असं किनाऱ्यावर गेलात तर घरचंच काम वाळूत जाऊन केल्यासारखं होईल. रोज दोन वेळा तरी लेकरू दुसऱ्या कुणाच्या हातात हवं. पोटभर पाजून, ढेकर काढून नणंदेकडे द्या आणि तासभर एकट्या चाला. मोबाइल खोलीत ठेवा. नणंदेला आधी सांगून ठेवा की रडली तर आधी लंगोट बघा, मग खांद्यावर घेऊन फिरा, आणि पंधरा मिनिटांत थांबली नाही तरच बोलवा. हे निघण्याआधी घरी आठ-दहा दिवस करून बघा, म्हणजे मुलीलाही तिच्या हाताची सवय होईल.

रात्रीची सलग झोप याहून मोलाची आहे. दिवसा थोडं दूध हातानं पिळून काढा. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात खोलीच्या तपमानाला ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. रात्री नऊला पाजून तुम्ही झोपायचं, मधलं एक पाजणं नवऱ्यानं वाटी-चमच्यानं करायचं. फ्रिजमधलं दूध गॅसवर तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. दूध उरलं तर टाकून द्यायचं. असे सलग चार-पाच तास दोन-तीन रात्री मिळाले की चिडचिड आणि धडधड किती कमी होते ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सुरूबन:

किनाऱ्याबद्दल मी लिहितो.

विदर्भातून येणारे बहुतेक लोक गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली ठरवतात. मुंबईच्या पुढे तो आणखी निदान सात-आठ तासांचा रस्ता आहे, एवढ्या लहान बाळासाठी नको. अलिबागच्या आसपास राहा. खुद्द अलिबागच्या किनाऱ्यावर गर्दी असते, घोडागाड्या असतात. वरसोली गावाला लागून आहे, सोयीचं आहे. नागावचा किनारा लांब, सपाट आणि छान, पण शनिवार-रविवारी पाण्यावरच्या मोटारींचा आणि वाळूवर धावणाऱ्या गाड्यांचा आवाज बंद होत नाही. तुमच्या कामासाठी मी आक्षी सुचवेन: सुरूचं बन, पक्षी, माणसं कमी. कुठेही गेलात तरी सोमवार ते गुरुवार राहा. 26 जानेवारीला जोडून आलेली सुटी असेल तर तो आठवडाच टाळा. काशीद दिसायला सुंदर आहे, पण तिथे तळ चटकन खोल होतो आणि पाण्याला ओढ आहे. बाळंतिणीनं तिथे पाण्यात पाय घालू नये.

आता भरती-ओहोटी. त्यासाठी तुमच्या भिंतीवरचं तिथी असलेलं कॅलेंडर पुरतं. कोकण किनाऱ्याचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला आणि रात्री दीडच्या पुढेमागे पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून तिथे पोचलात की त्या दिवसाची नेमकी वेळ एखाद्या मच्छीमाराला किंवा घरमालकाला विचारून घ्या.

याचा तुम्हाला उपयोग असा. ओहोटीला पाणी लांब जातं, मागे ओली आणि घट्ट वाळू उरते. तिच्यावर चालताना पाय रुतत नाहीत, कंबर आणि पोट दुखत नाही. सिझेरियननंतर हा फरक फार जाणवतो. कोरड्या वाळूत दर पावलाला पोटाच्या स्नायूंवर ताण येतो. पौर्णिमेला पहाटेची ओहोटी साडेपाचच्या आसपास, प्रतिपदेला सातच्या सुमारास, द्वितीयेला पावणेआठ, तृतीयेला साडेआठ. म्हणजे पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस सकाळी फिरायला अगदी योग्य. अष्टमी ते दशमी नको. तेव्हा भरती नेमकी सकाळी सहा-साडेसातला आणि संध्याकाळी त्याच वेळी येते, तुमच्या दोन्ही वेळा जातात. अमावास्येनंतरचे दिवसही असेच चालतात. घरचे अमावास्येला लेकरू घेऊन निघू देत नसतील तर प्रतिपदेला संध्याकाळी निघा, तरी तृतीया-चतुर्थीच्या सकाळी हाती लागतात. एक ध्यानात ठेवा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त मागे जातं आणि जास्त वर चढतं, चढताना वेगही जास्त. त्यामुळे चटई, बाळाचं सामान हे सगळं वाळूवर सुकलेल्या कचऱ्याची शेवटची रेघ दिसते तिच्या वर ठेवा. काल भरती तिथवर आली होती, असा त्या रेघेचा अर्थ. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी चढलं की माणसं तिथे अडकतात. बाळ घेऊन तो विचार करू नका.

वाऱ्याचंही बघावं लागतं. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. दुपार ते सूर्यास्त तो जोरात असतो आणि कोरडी वाळू उडवतो, गुडघ्याच्या खालच्या उंचीवर सगळ्यात जास्त. चटईवर निजवलेल्या बाळाच्या डोळ्यांत ती जाते ती अशी. रात्री जमीन निवते आणि वारा उलटा वाहतो, म्हणून सकाळची हवा जवळजवळ स्थिर असते. त्यातून आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळचं ऊन पाठीमागून, झाडांआडून येतं आणि सुरूच्या बनाची सावली बराच वेळ वाळूवर राहते. म्हणून बाळाला सकाळी न्या, साधारण सात ते नऊ. संध्याकाळी नेलंत तर बनाच्या आतच बसा, बाळ मांडीवर, पाठ वाऱ्याकडे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचं मलम लावत नाहीत. सावली, पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं आणि कडांची टोपी एवढंच. सावलीत बसलात तरी वाळूवरून आणि फेसावरून ऊन परावर्तित होऊन येतं, त्यामुळे दहा ते चार नकोच. झोळीवर किंवा गाडीवर वरून ओढणी टाकून झाकू नका, आतली हवा कोंडून लवकर तापते. बाळ छातीशी बांधलं असेल तर तोंड सदैव दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये. समुद्राच्या पाण्यात चार-सहा महिन्यांचं बाळ बुडवायचं नाही, त्याचं अंग फार लवकर गार पडतं. पायाला ओली वाळू लावायची हौस असेल तर लावा, खोलीवर येऊन गोड्या पाण्यानं धुवा, मांडीच्या घडीत राहिलेलं मीठ आणि वाळू पुसून काढा. नाहीतर रात्रीत कातडी लाल होते. डोळ्यात वाळू गेली तर चोळू नका, उकळून गार केलेल्या पाण्याची धार सोडा.

तुम्ही स्वतः पाण्यात उभ्या राहणार असाल तर पोटऱ्यांपर्यंतच, आणि बाळ हातात असताना अजिबात नाही. मागे जाणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते. पायाखाली खड्डा होतो आणि माणूस मागच्या मागे बसतं. दोन लाटांमध्ये पाय हलवत राहा.

खोली बघताना तळमजला, गरम पाणी, इन्व्हर्टर आणि मच्छरदाणी या चार गोष्टी फोनवरच विचारून घ्या. समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे असा हट्ट नको, पाच मिनिटांच्या चालीवरची वाडीतली खोली जास्त शांत असते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी बरेचदा मचूळ असतं, आंघोळीला चालतं, पिण्याचं वेगळं घ्या. जेवणात भाकरी-पोळी हवी असेल तर आधी सांगून ठेवा. मासे खात असाल तर ताजा बोंबील, बांगडा चालेल. मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई नको, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो. तिसऱ्या, शिंपले पहिल्यांदाच खायचा प्रयोग या दिवसांत करू नका.

बडनेरा_फलाट:

समृद्धीवरून जायचं म्हणत असाल तर रस्ता उत्तम आहे, जून 2025 पासून शेवटपर्यंत खुला आहे आणि तुम्हाला धामणगावला चढता येईल. पण बाळासाठी माझं मत रेल्वेला. गाडीत बाळ मांडीवर घेऊन बसणं धोक्याचं आहे, मागे तोंड असलेलं बाळाचं आसन लागतं. त्या आसनात एवढ्या लहान बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, दर वेळी काढून सपाट निजवावं लागतं. तेवढ्या अंतराला दिवस मोडतो. शिवाय चालत्या गाडीत पाजता येत नाही.

अमरावती–मुंबई एक्स्प्रेस घ्या. ती अमरावतीहूनच सुटते, म्हणजे गाडी फलाटावर उभी असताना निवांत चढून सामान लावता येतं. बडनेऱ्याला दोन मिनिटांत लेकरू, पिशव्या, माणसं चढवायची धावपळ वाचते. संध्याकाळी निघते, सकाळी मुंबईत. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं (पूर्वी 120 होतं), त्या दिवशी सकाळीच काढा. ऑनलाइन काढताना 'किमान एक खालची बर्थ मिळाली तरच' हा पर्याय निवडा. बाजूची खालची नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागतो आणि बाळ दचकून उठतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. तृतीय वातानुकूलित बरा. जानेवारीत साध्या स्लीपरमध्ये इगतपुरी-कसाऱ्याच्या पट्ट्यात खिडकीच्या फटींतून फार गार वारा येतो. बाळ भिंतीच्या बाजूला, पाठीवर निजवा, तुम्ही बाहेरच्या बाजूला. रेल्वेची चादर तिच्या तोंडावर येणार नाही असं बघा, त्यापेक्षा घरचं दुपटं छातीपर्यंत घट्ट खोचा.

उतरायचं कुठे, ते पुढच्या रस्त्यावर आहे. भाड्याची गाडी करणार असाल तर कल्याणला उतरून पनवेल, पेणमार्गे अलिबाग, अडीच-तीन तास. मुंबईपर्यंत गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट (गाड्याही नेणारी मोठी बोट) आहे, तासाभराची. आत बसायला जागा असते, जानेवारीत समुद्र शांत असतो. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. माझ्या मते रो-रो बरी, रस्त्यावरची गर्दी टळते आणि बाळाला बोटीतच पाजून होतं. गेटवेच्या लहान बोटीत चढताना पायरी आणि बोट यांच्यात फट हलत असते, बाळ घेऊन ती नको.

एसटीनं अमरावतीपर्यंत येणार असाल तर महिलांना निम्मं तिकीट आहेच. बसस्थानकात हिरकणी कक्ष कुठे आहे ते आधी विचारा, गाडीत चढण्याआधी तिथेच पाजून घ्या.

संत्रा_बाग:

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच ग्रामीण रुग्णालयात जाते, आशाताई सोबत येते म्हणाली. दुधाचं मात्र कुणी लिहिलं नाही. सासूबाई त्याच्यावर अडून आहेत. आणि तोवर इथे जवळपास काही करता येईल का?

आरोग्य_वऱ्हाड:

खाऱ्या हवेनं दूध कमी होत नाही. दूध किती तयार होणार हे बाळ किती वेळा ओढतं आणि छाती किती रिकामी होते यावर ठरतं. तरीही प्रवासात दूध कमी झाल्याच्या तक्रारी येतात, आणि म्हाताऱ्या बायांनी ते पाहिलेलं असतं, त्यामुळे सासूबाईंना उडवून लावू नका. कारण वेगळं असतं. गाडीत लोकांसमोर पाजायला संकोच वाटतो, दोन पाजण्यांतलं अंतर दोन तासांचं चार-पाच तासांवर जातं. लघवीची सोय नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही, तिला थकवा येतो. छाती भरून राहिली की शरीर दूध बनवणं कमी करतं. म्हणून प्रवासात दिवसा तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, बाळ झोपलेलं असलं तरी. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा कुर्ता आणि मोठी सुती ओढणी घ्या. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, दर पाजण्याला एक पेला पाणी प्या.

छाती भरून राहिली तर दुसरा त्रास म्हणजे गाठ. एका ठिकाणी दुखरं, लाल, गरम लागलं तर पाजणं थांबवू नका, त्या बाजूनंही पाजत राहा. जोरात रगडू नका, पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा. ताप येऊन चोवीस तासांत उतरला नाही तर डॉक्टर. समुद्रावरून आल्यावर ओले कपडे लगेच बदला, छाती गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, मग पाजा. ओल आणि मीठ राहिलं की निपलला भेगा पडतात, त्यात बुरशी धरते, ती बाळाच्या तोंडात जाते आणि मग दोघींनाही औषध लागतं.

बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, जानेवारीत तर नाहीच. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते ना, एवढं मोजा. त्याहून कमी झाली तर जास्त वेळा पाजा. निघेपर्यंत ती सहा महिन्यांच्या आसपास येईल, तर वरचा पहिला घास प्रवासात सुरू करू नका, परत आल्यावर घरी करा. साडेतीन महिन्यांची लस झाली असेल तर पुढची नवव्या महिन्यात, म्हणजे मध्ये काही अडत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सोबत ठेवा.

'वारं लागतं' यातलं घ्यायचं ते एवढंच: जोराचा वारा थेट तोंडावर नको, टोपी हवी. कान कापसाच्या बोळ्यांनी बंद करायची गरज नाही.

धरणाकाठ:

ताई, जानेवारीले अजून टाइम आहे, तोवर सिंभोऱ्याचं धरण हायेच नं. अप्पर वर्धाचं पाणी एवढं मोठं का पल्याडचा काठ दूर निळा दिसते. समुद्रासारख्या लाटा नसते, पण मोकळं बसाले तेवढं पुरते. आठवड्यातून दोनदा, सकाळी आठ ते साडेनऊ, मंगळवार-बुधवार. रविवारी पार्टीवाले असते.

पाण्याच्या एकदम काठाले जाऊ नका. पाणी उतरते तसा गाळ उघडा पडते. वरून सुकेल दिसते, भेगा पडेल असते, पण पाय ठेवला का गुडघ्यापर्यंत आत जाते, अन् आपली काळी माती पाय सोडत नाही. दगडी पिचिंगच्या (धरणाच्या उतारावर बसवलेल्या दगडांच्या) वर, सपाट जागा पाहून बसा. दगडावर सकाळी दव असते, घसरते, म्हणून लेकरू घेऊन पिचिंग उतरू नका. दगडाच्या फटीत विंचू-साप राहू शकते, तर चटई झटकून टाका अन् झटकूनच गुंडाळा. लेकराले डास लागू नये म्हणून पूर्ण पाय झाकणारा कपडा घाला. तिथे नेटवर्क येते-जाते, घरी कोण्या बाजूले बसतो ते सांगून निघा.

घरी लाटांचा आवाज मोबाइलवर लावत असान तर तो लेकराच्या उशाशी ठेवू नका. दोन मीटर दूर, आवाज एकदम बारीक, अन् लेकरू झोपलं का बंद.

वैनगंगा_काठ:

भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायांसाठी एक-दोन गोष्टी जोडतो, कारण हा धागा पुढे त्याही वाचतील.

आपल्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे. रक्ताच्या अहवालात 'एएस' (फक्त वाहक) असेल तर बहुधा अडचण येत नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि दमवणारी चाल टाळायची. 'एसएस' (प्रत्यक्ष आजार) असेल तर मात्र पाणी कमी पडणं, गारठा आणि दमणूक या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. समुद्रावरच्या प्रवासात तिन्ही एकत्र भेटतात: रात्रीच्या डब्यातली थंडी, लघवीच्या भीतीनं न प्यायलेलं पाणी, सकाळचे ओले कपडे. अशा बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पाय भिजवायचे ते ऊन आल्यावर, आणि लगेच कोरडे करून मोजे घालायचे. अहवालाची प्रत आणि चालू गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, बर्थखालच्या पेटीत नाही. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचं औषध) चालू असेल तर पाजण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यायचं.

दुसरं, नागपूर-गोंदियाकडून रायपूरमार्गे पुरीला थेट गाड्या आहेत, म्हणून बरेच जण मुंबईऐवजी तिकडे जायचं म्हणतात. दर्शनाला जरूर जावं. पण पुरीच्या लाटा मोठ्या आणि किनारा उताराचा आहे, पाण्यात उभं राहण्यासाठी तो बाळंतिणीच्या कामाचा नाही. वर दिलेला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेबही कोकण किनाऱ्याचा आहे, तिकडे तो लावू नका, वेळ चुकेल. तिथली वेळ तिथल्याच कोळ्यांना विचारायची, आणि वाळूवर बसायचं ते भरतीच्या रेघेच्या वर.